सर्वसाधारण शाळा की विशेष शाळा : पगारपत्रकाबाहेरचा हिशेब

शिक्षक होण्यासाठी डी.एल.एड. करावे की विशेष शिक्षणातील डी.एड., बी.एड. करावे की विशेष शिक्षणातील बी.एड., हा प्रश्न घेऊन येणारी मुले-मुली बहुधा दोनच गोष्टी विचारतात : पगार किती आणि जागा कधी निघतात. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. परंतु या दोन्ही पेशांत माणूस स्वतःच्या खिशातून, अंगातून आणि घरातून जे घालतो त्याची नोंद पगारपत्रकात कुठेही नसते, आणि निवड फसते ती बहुतेक वेळा तिथेच. मी आधी सात वर्षे माध्यमिक शाळेत शिकवले आणि पुढची अकरा वर्षे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत काढली. त्यामुळे हा आढावा अगदी तटस्थ असल्याचा दावा मी करणार नाही. दोन्हीकडचे देणे मात्र मी स्वतः चुकते केले आहे.

आधी नेमणूक पाहावी, मग क्षेत्र

क्षेत्र कोणते यापेक्षा नेमणूक कोणत्या प्रकारची, याने आयुष्यात अधिक फरक पडतो. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि अभियोग्यता चाचणी देऊन शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमार्फत जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत लागलेल्या उमेदवाराला पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. १ जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिकसाठी १६,०००, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये आहे. घरापासून दोनशे किलोमीटरवर खोली घेऊन राहणाऱ्याच्या हातात भाडे, पेट्रोल आणि डबा यांनंतर त्यातले काय उरते, हे कोणीही कागदावर मांडून पाहू शकेल. त्यानंतर मात्र नियमित वेतनश्रेणी सुरू होते (सातव्या वेतन आयोगानुसार प्राथमिक शिक्षकाची २९,२०० ते ९२,३००), बारा वर्षांनी वरिष्ठ आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणीचा मार्ग असतो, आणि बँक गृहकर्जासाठी दारात उभे करते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हे धरूनही ही नोकरी पक्की मानली जाते आणि ते बरोबरच आहे.

त्याच शाळेच्या शेजारी विनाअनुदानित किंवा अंशतः अनुदानित तुकडी असते, आणि तिथला शिक्षक तेच पुस्तक, तीच घंटा आणि तीच मुले घेऊन वेगळेच आयुष्य जगत असतो. वीस टक्के, चाळीस टक्के असा टप्पा अनुदानाचा प्रवास करता करता त्याची चाळिशी उलटते, आणि लग्नाच्या बैठकीत 'शाळेला अनुदान आहे का' या प्रश्नाचे उत्तर त्याचा भाऊ देतो. ज्याला अशी जागा मिळत असेल त्याने शासन निर्णयांच्या आशेवर किती वर्षे काढायची हे रुजू होण्याच्या दिवशीच ठरवावे, कारण पाच वर्षे गेल्यावर माणूस गेलेल्या पाच वर्षांपायीच थांबतो.

दिव्यांग क्षेत्रात अशी तफावत याहूनही जास्त आहे. अनुदानित विशेष शाळेतील मान्यताप्राप्त पद स्थिर असते, पण अशी पदे मोजकीच आहेत आणि नेमणूक संस्थेमार्फत होत असल्याने संस्थाचालक कोण हे पाहणे भाग पडते. बदली नसते. हे सुख आहे आणि संस्थाचालकाशी बिनसले तर शिक्षाही आहे. 'समग्र शिक्षा' या शासकीय योजनेत सर्वसाधारण शाळांमधील दिव्यांग मुलांसाठी नेमलेल्या विशेष शिक्षकांनी वर्षानुवर्षे करारावर काम केले. प्राथमिक स्तरावर दहा आणि माध्यमिक स्तरावर पंधरा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण केंद्राने २०२२ मध्ये अधिसूचित केले, आणि त्यानुसार पदे निर्माण करण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये राज्यांना दिले. म्हणजे पुढे जागा वाढण्याला आधार आहे. परंतु कागदावरचे प्रमाण आणि तुमच्या हातातले नेमणूकपत्र यांच्यामध्ये किती वर्षे जातील ते गृहीत धरू नये. स्वयंसेवी संस्थांच्या प्रकल्पांत देणगीदाराचे वर्ष संपले की नोकरीही संपते. मुंबई-पुण्याच्या खासगी शाळांत पालकांनी स्वतःच्या खर्चाने वर्गात मुलासोबत बसण्यासाठी ठेवलेल्या शिक्षकाचे, म्हणजे शॅडो टीचरचे, तर मूल आजारी पडले तरी पैसे कापले जातात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचा प्रश्नच येत नाही.

पदव्यांच्या बाबतीत एक बारकावा फार थोड्यांना आधी कळतो. विशेष शिक्षणाची पदविका किंवा पदवी घेतलेला उमेदवार टीईटी उत्तीर्ण होऊन सर्वसाधारण प्राथमिक शाळेत (पदवी असेल तर सहावी ते आठवीसाठी) लागू शकतो. नेमणुकीनंतर त्याला सहा महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम करावा लागतो. उलट दिशेने दार असे किलकिले नाही. साधे बी.एड. केलेल्याला विशेष शिक्षक व्हायचे असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम नव्याने करून परिषदेची नोंदणी मिळवावी लागते. मी हे वयाच्या एकतिसाव्या वर्षी, दोन वर्षे बिनपगारी काढून केले. ज्याचे मन दोन्हीकडे ओढते त्याने निदान या हिशेबाने तरी विशेष शिक्षणाचा विचार आधी करावा.

सर्वसाधारण शाळा वेळ खाते

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. वाचायला हे कलम छान आहे. प्रत्यक्षात सकाळी साडेदहाला वर्गात पाऊल टाकण्याआधी मोबाइलवर 'तातडीचे, आजच दुपारी बारापर्यंत' असा निरोप आलेला असतो. कधी आधार जुळणी, कधी पोषण आहाराची ऑनलाइन नोंद, कधी अभियानाचा फोटो. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून मतदारयादी हाती आली की रविवारही गेला. कायद्याने आठवड्याचे ४५ तास, तेही तयारीसह, ठरवले आहेत. ते शिकवण्यात आणि तयारीतच गेले असते तर तक्रार नव्हती.

माझ्या माध्यमिक शाळेत चार तुकड्यांच्या मिळून दोनशे चाळीस उत्तरपत्रिका सहामाहीला घरी येत. दिवाळीचा फराळ घरात होई तेव्हा मी लाल पेन घेऊन आतल्या खोलीत बसलेली असे, आणि माझ्या मुलाने पहिलीत 'माझी आई' या निबंधात 'आई पेपर तपासते' एवढे एकच वाक्य लिहिले होते. हसलो सगळे.

दुसरी किंमत आवाजाची. साठ मुलांच्या वर्गात पंखे आणि रस्त्यावरची वाहने यांच्यावर आवाज चढवून रोज सहा तासिका घेतल्या, तर काही वर्षांत घसा बसू लागतो. कान-नाक-घसा तज्ज्ञ 'आवाजाला विश्रांती द्या' असे सांगतात, आणि आपण दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला उभे असतो.

जिल्हा परिषदेच्या नोकरीत तिसरी भर बदलीची. पती एका जिल्ह्यात, पत्नी दुसऱ्या, मूल आजीकडे, आणि पती-पत्नी एकत्रीकरणाच्या यादीत आपला क्रमांक कितवा हे पाहण्यात उन्हाळा जातो. शिवाय १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्याचे बंधन आले. माझ्या वयाच्या काही मैत्रिणींनी त्या दिवसापासून मुलांचीच पुस्तके उसनी घेतली आहेत. नव्याने येणाऱ्याला टीईटी द्यावीच लागणार असल्याने ही झळ त्याला नाही. पण नोकरीचे नियम मध्येच बदलू शकतात, एवढे त्याने मनाशी धरावे. विशेष शिक्षकाला ही टांगती तलवार वेगळ्या रूपात असते : पुनर्वास परिषदेच्या नोंदणीचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी प्रशिक्षणांचे गुण जमवावे लागतात. त्या कार्यशाळांचे शुल्क आणि रजा बहुतेक ठिकाणी ज्याच्या त्याच्या पदरची.

विशेष शाळा अंग मागते

विशेष शाळेत वर्गात आठ-दहा मुले असतात, हे ऐकून सर्वसाधारण शाळेतले सहकारी 'मजा आहे' म्हणतात. त्या दहांतील तिघांना शौचास नेणे, एकाला भरवणे आणि पंचेचाळीस किलो वजनाच्या मुलाला व्हीलचेअरवरून सतरंजीवर घेणे हे कामाचाच भाग आहे. मदतीला मावशी असतात, पण त्या रजेवर असल्या की शिक्षकच मावशी. माझ्या कमरेचे दुखणे तिथूनच सुरू झाले. ओरखडे आणि चावे यांचा बाऊ कोणी करत नाही. मूल बोलू शकत नाही म्हणून चावते, हे समजलेले असते. तरी लांब बाह्यांचे पोलके घालून लग्नाला जाणे काही काळाने अंगवळणी पडते.

एका सकाळी प्रार्थनेच्या रांगेत बारा वर्षांच्या मुलाला फिट आली. त्याला कुशीवर वळवायचे, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचे, तोंडात काहीही घालायचे नाही आणि घड्याळ पाहायचे, एवढेच करायचे असते. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. हे सगळे करताना खरी कसरत होती ती कांदा आणि चप्पल घेऊन धावत आलेल्यांना दूर ठेवण्याची. साडेतीन मिनिटांनी तो शांत झाला. मी त्याच्या आईला फोन केला आणि मग बाकीच्यांना अंक ओळखण्याचा पाठ घेतला. हात थरथरले ते संध्याकाळी घरी, चहा गाळताना.

स्पर्शाचा प्रश्नही उघडपणे बोलायला हवा. कपडे बदलणे आणि स्वच्छता करणे हे काम असल्याने दोन प्रौढ हजर असणे, दार उघडे असणे आणि नोंद ठेवणे हे नियम मुलांच्या सुरक्षेसाठी आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. पुरुष शिक्षकांना त्यामुळे सतत स्वतःकडे परक्याच्या नजरेने पाहावे लागते. ज्या संस्थेत हे नियम लेखी नाहीत तिथे नोकरी धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मनाचा खर्च

सर्वसाधारण शाळेत वर्षाअखेर निकाल लागतो, मुले पुढे जातात, आणि वीस वर्षांनी बसस्टँडवर कोणीतरी पाया पडते. विशेष शाळेत एका मुलीला शर्टाचे बटण लावायला शिकवण्यात माझे अकरा महिने गेले, दिवाळीच्या सुट्टीत ती ते विसरली, आणि आम्ही पुन्हा काजापासून सुरुवात केली. ज्याला असे पुन्हा सुरू करणे अपमानास्पद वाटत नाही तो या कामात टिकतो. हा स्वभाव आहे, पुण्य नव्हे. 'तुम्ही किती मोठे काम करता' असे म्हणणारे लोक त्याच दमात मानधन कमी असल्याचे समर्थन करून जातात, त्यामुळे त्या कौतुकापासून मी तरी चार हात लांब राहते.

पालकांचे ओझे दोन्हीकडे असते, पण त्याची जात वेगळी. तिकडे गुण का कमी पडले यावर भांडण होते आणि संपते. इकडे आई दप्तर उचलता उचलता सहज विचारते, 'बाई, आमच्यामागे याचं कसं व्हायचं?' त्या प्रश्नाला शिक्षकाकडे उत्तर नसते, तरी तो प्रश्न घरी येतो. दिव्यांगत्व प्रमाणपत्र, यूडीआयडी (दिव्यांगांचे ओळखपत्र) कार्ड, एसटी आणि रेल्वेची सवलत, अठराव्या वर्षानंतर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार कायदेशीर पालकत्वाचा अर्ज, हे सारे कागद शाळा सुटल्यावर शिक्षकच भरून देतो, कारण पालकांना दुसरे कोणी ते समजावून सांगत नाही.

शाळाशाळांतून फिरणाऱ्या विशेष शिक्षकाला याखेरीज एकटेपणा सोसावा लागतो. सोमवारी एक शाळा, मंगळवारी दुसरी, कपाट कुठेच नाही, आणि शिक्षकखोलीत चहा आला की 'पाहुण्यांना द्या' असे म्हटले जाते. सर्वसाधारण शाळेत वैतागायला दहा जण सोबत असतात. ही सोबत किती मोलाची होती, हे मला ती सोडल्यावर कळले.

घर पाहून ठरवावे

घरी अंथरुणाला खिळलेले वडीलधारे किंवा अगदी लहान मूल असेल, तर विशेष शाळेचे काम दुहेरी पडते : दिवसभर जे हातांनी केले तेच रात्री पुन्हा करायचे असते, आणि माया संपत नसली तरी कंबर संपते. सासूबाईंच्या शेवटच्या वर्षात मी हे अनुभवले. अशा वेळी गावाजवळची सर्वसाधारण शाळा, कागदांच्या सगळ्या कटकटीसह, मी निवडायला सांगेन. उलट ज्याला घरी मदत आहे, ज्याचे शरीर धडधाकट आहे आणि ज्याला गर्दीपेक्षा एकेका मुलात रमायला आवडते, त्याने अनुदानित विशेष शाळेतील पद मिळत असेल तर डोळे झाकून घ्यावे. करारावरची विशेष शिक्षकाची जागा घरातला एकमेव कमावता असलेल्याने पहिली नोकरी म्हणून धरू नये. दुसरी मिळकत असलेल्या घरात ती चालते.

प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी दोन्ही प्रकारच्या शाळांत प्रत्येकी आठवडाभर बसण्याची परवानगी मागावी, आणि ती आठवड्याच्या मध्यावर, समारंभ नसताना. मुलाखतीला गेल्यावर मुख्याध्यापकांना विचारायचे प्रश्न थोडे आहेत : मार्चचा पगार कोणत्या तारखेला झाला, गेल्या दोन वर्षांत किती जण सोडून गेले, मावशी रजेवर असतात त्या दिवशी मुलांचे कोण करते. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शक्य झाल्यास मावशींनाही वेगळे विचारावे.