स्लीप की हायबरनेट करून बटण बंद?

शांत पीसी रात्री स्लीपमध्ये ठेवायचा, की हायबरनेट करून (म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून) भिंतीवरचं बटणच बंद करायचं? आवाजाचा प्रश्न नाही. पंखे दोन्हीकडे थांबतात.

वीज: स्लीपमध्ये रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी मेमरी, जागी असते; साधारण 1 ते 3 वॅट जातात. सतत 2 वॅट म्हणजे वर्षाला साडेसतरा युनिट. बटण बंद केलं की शून्य. नुसतं शटडाउन पुरेसं नाही: अनेक मदरबोर्डवरचा बारका दिवा तेव्हाही जळत असतो, कारण पॉवर सप्लाय 5 व्होल्टची स्टँडबाय लाइन चालूच ठेवतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘ईआरपी’ हा वीजबचतीचा पर्याय लावला तर ही गळती आवळते, पण मग कीबोर्डने पीसी उठत नाही.

सोय: स्लीप क्षणात उठतो, मात्र वीज गेली की सेव्ह न केलेलं काम गेलं. हायबरनेटमध्ये ते डिस्कवर राहतं.

दिवसभर उठबस असेल तर स्लीप घ्या. संध्याकाळी एकदाच बसणाऱ्याने हायबरनेट करून सरळ बटण बंद करावं.