लिनक्स मिंट 22: अपडेट आणि बूट मेनू, काही महिने वापरल्यावर

मिंट ही विंडोजसारखीच, लिनक्सवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम. तिचं कौतुक करणारे बहुतेक लोक तिच्या दिसण्याबद्दल बोलतात. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि मिंट दोन्ही असली की मात्र रोजची गाठ पडते ती दोनच गोष्टींशी: खालच्या पट्टीतली अपडेटची ढाल आणि मशीन चालू करताना येणारा ग्रबचा, म्हणजे कुठली सिस्टिम उघडायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू. आमच्या घरी बायकोचं टॅली विंडोजवर आणि माझं सगळं मिंटवर, त्यामुळे या दोन्हींची चांगलीच परीक्षा झाली.

अपडेट मॅनेजरबद्दल तक्रार जवळजवळ नाहीच. ढालीवर ठिपका येतो, पण तो मागे लागत नाही. कुठलं अपडेट सुरक्षेचं, कुठलं कर्नलचं (म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं), हे खुणेवरून कळतं. आपोआप अपडेट होण्याची सोय आहे, मी ती बंद ठेवलीय. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही आणि लॅपटॉपची बॅटरी आता नावालाच उरलीय. एकदा पॅकेजं बसत असतानाच लाइट गेली. मशीन पुन्हा सुरू केल्यावर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'सुडो डीपीकेजी कॉन्फिगर'वाली आज्ञा दिली, अर्धवट राहिलेलं सगळं पूर्ण झालं. विंडोजमध्ये अशा वेळी नुसतं फिरणारं चक्र बघत बसायचं, त्यापेक्षा हे बरं.

खरी मजा कर्नलची. एका अपडेटनंतर नवं कर्नल आलं आणि वायफाय गायब. चिप कुणाची ते सोडा, पण तिचा ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्राम) वेगळा बसवलेला होता आणि नव्या कर्नलसाठी तो तयारच झाला नाही. मिंट जुनं कर्नल लगेच काढून टाकत नाही. ग्रबमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन मागचं कर्नल निवडलं आणि वायफाय परत आलं. सिस्टिम आधीच्या स्थितीत परत नेणाऱ्या टाइमशिफ्टला हातही लावावा लागला नाही. टाइमशिफ्ट अर्थात ठेवाच, पण ते मुळात सिस्टिमपुरतं आहे. आपल्या स्वतःच्या फायलींचा होम फोल्डर ते आपणहून धरत नाही. फोटो आणि हिशेबाच्या फायलींची वेगळी प्रत लागतेच.

आता मेनू. ग्रबची सेटिंग 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'डिफॉल्ट' फोल्डरात 'ग्रब' नावाच्या साध्या फाइलमध्ये असते. ती बदलायची आणि मग 'सुडो अपडेट-ग्रब' चालवायचं. बूट फोल्डरातली ग्रबची मोठी फाइल हातानं बदलण्यात अर्थ नाही, पुढच्या कर्नल अपडेटला ती नव्यानं लिहिली जाते. ग्रब कस्टमायझर नावाचं खिडक्यांचं साधन अनेकजण सुचवतात. ते ग्रबच्या स्क्रिप्टच्या जागी आपल्या स्क्रिप्ट बसवतं, आणि पुढे काही अडलं की गुंता सोडवणं जिवावर येतं. दोन ओळी बदलायला ते कशाला हवं?

त्या दोन ओळी अशा: 'ग्रब डिफॉल्ट'पुढे 'सेव्हड' आणि 'ग्रब सेव्हडिफॉल्ट'पुढे 'ट्रू'. यानं मागच्या वेळी जे निवडलं तेच पुढच्या वेळी आपोआप निवडलं जातं. घरातली कटकट थांबली ती यामुळे. आधी पहिलं नाव मिंटचं असल्यानं विंडोजचं अपडेट मध्येच रीस्टार्ट झालं की मशीन मिंटमध्ये जायचं. अपडेट अर्धवट, आणि वर "अहो, माझं विंडोज कुठे गेलं?" आता रीस्टार्ट कितीही वेळा होऊ दे, ते विंडोजमध्येच परत जातं.

पण या सोयीला एक खाच आहे. उपमेनूतून जुनं कर्नल निवडलंत तर तेही लक्षात ठेवलं जातं. मी वायफायसाठी जुनं निवडलं, आणि पुढे मिंट उघडताना त्याच ओळीवर आयती एंटर दाबत राहिलो असतो तर सुरक्षेची नवी कर्नलं नुसती डिस्कवर साठली असती. ड्रायव्हरची नवी आवृत्ती बसवल्यावर मेनूतलं पहिलं नाव एकदा मुद्दाम निवडलं. शिवाय हे सगळं चालतं ते बूट फोल्डर एक्स्ट4 वर असेल तर. एक्स्ट4 आणि बीटीआरएफएस या डिस्कवर फायली मांडण्याच्या दोन पद्धती; बीटीआरएफएसवर ग्रबला ती नोंद लिहिता येत नाही. टाइमशिफ्टचे झटपट स्नॅपशॉट हवे म्हणून बीटीआरएफएस निवडणाऱ्यांनी हे आधीच ठरवावं. मी एक्स्ट4 वरच राहिलो.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेले प्रोग्रामच सुरू होऊ देणारी मशीनची सोय) चालू असेल तर शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा सही केलेला प्रोग्राम) आणि ग्रबची अपडेटं अडवून ठेवू नका. ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटनं जुनी शिम नाकारायला सुरुवात केली आणि दोन्ही सिस्टिम ठेवणाऱ्या अनेकांचं लिनक्स उघडेनासं झालं. दोन्ही सिस्टिम असलेल्या मशीनना तो बदल लागू होणारच नव्हता, असं तेव्हा सांगण्यात आलं होतं.

घड्याळाची भानगड किरकोळ, पण भारतात हमखास दिसणारी. मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की वेळ साडेपाच तास मागे. मशीनच्या घड्याळात मिंट यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. मिंटच्या 'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेनं स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की मिटतं.

ज्यांच्या मशीनवर फक्त मिंट आहे त्यांना मेनू दिसतच नाही. यूईएफआय (जुन्या बायॉसच्या जागी आलेली व्यवस्था) असलेल्या मशीनवर सुरुवातीला एस्केप दाबावं लागतं. एकदाच दाबा. जास्त वेळा दाबलं तर काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब' आणि बाणाची खूण येते. तिथे 'नॉर्मल' टाइप करून एंटर मारा आणि लगेच एस्केप दाबा, मेनू परत येतो.