अमेरिकेत पाककला शिकताना : एफ-१ की एम-१?

अमेरिकेत पाककला शिकायला जाणाऱ्याला विद्यार्थी व्हिसाचा प्रकार, म्हणजे शैक्षणिक शिक्षणासाठीचा एफ-१ की व्यावसायिक शिक्षणासाठीचा एम-१, आपल्या मर्जीने निवडता येत नाही. तो संस्थेने दिलेल्या आय-२० फॉर्मवरून (व्हिसासाठी लागणाऱ्या प्रवेशपत्रावरून) ठरतो, त्यामुळे खरी निवड संस्था आणि अभ्यासक्रम पक्के करतानाच होऊन जाते. हाइड पार्क येथील क्युलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकासारख्या, असोसिएट (साधारण दोन वर्षांची) वा बॅचलर पदवी देणाऱ्या संस्थांचा आय-२० सहसा एफ-१चा असतो, तर निव्वळ व्यावसायिक प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमाला एम-१ मिळण्याची शक्यता अधिक असते.

दोहोंतला फरक सर्वाधिक जाणवतो तो कामाच्या परवानगीत. एफ-१ विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, सामान्यतः एक शैक्षणिक वर्ष झाल्यावर अभ्यासक्रमाचाच भाग असलेली सवेतन एक्स्टर्नशिप (बाहेरच्या किचनमधले प्रत्यक्ष काम) सीपीटीखाली, म्हणजे शिकतानाच्या प्रशिक्षणाच्या परवानगीखाली करता येते आणि पदवीनंतर १२ महिन्यांपर्यंत ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करून घ्यायचे प्रशिक्षण, घेता येते. एम-१वर शिकत असताना नोकरीला वावच नाही. अभ्यासक्रम संपल्यावर, शिकलेल्या दर चार महिन्यांमागे एक महिना या हिशेबाने, फार तर सहा महिन्यांचे प्रशिक्षण मिळू शकते. म्हणजे आठ महिन्यांच्या पेस्ट्री अभ्यासक्रमानंतर हाती दोनच महिने उरतात; आणि नवख्याला आपल्या किचनची शिस्त शिकवून तो रुळेपर्यंत निघून जाणार असेल, तर त्याला कामावर घ्यायला किती शेफ राजी होतील, याचा अंदाज आधीच बांधलेला बरा.

एम-१वर मन बदलण्याची सोयही तुटपुंजी आहे. अमेरिकेत राहून एम-१चे एफ-१ करता येत नाही, पहिल्या सहा महिन्यांनंतर संस्था बदलणे जवळपास अशक्य असते आणि मुदतवाढ धरूनही एकूण मुक्काम तीन वर्षांपलीकडे जात नाही. शिवाय एम-१साठी संपूर्ण शिक्षणकाळाचा पैसा हाताशी असल्याचे दाखवावे लागते. एफ-१ला पहिल्या वर्षाची रक्कम तयार आणि पुढची सोय पटण्याजोगी असली, तर भागते.

तरीही घरचा व्यवसाय सांभाळणाऱ्याला पाव किंवा चॉकलेटचे काम शिकून परतायचेच असेल, तर माझ्या मते एम-१ त्याला पुरेसा आहे. ज्याला तिथल्या किचनमध्ये वर्षभर हात चालवायचा आहे, त्याने एफ-१ देणारीच संस्था शोधावी आणि शुल्क भरण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचाराव्यात : आय-२० कोणत्या वर्गाचा असेल, आणि एक्स्टर्नशिप अभ्यासक्रमाच्या कितव्या महिन्यात येते.