फॅटच्या कॉलमची टोटल: एक्सेलचं पिव्हट काही महिने वापरल्यावर

दूध संकलनाचा हिशेब एक्सेलच्या पिव्हट टेबलवर (मूळ नोंदींची गटवार बेरीज-सरासरी काढून देणारा तक्ता) आणून आता बरेच महिने झाले. सकाळ-संध्याकाळची पाळी, रूट, केंद्र, दूध, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) असं सगळं एकाच शीटवर, आणि दर दहा दिवसांनी त्यातून रिपोर्ट. दुधाच्या बेरजा बिनबोभाट येतात, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. खरी परीक्षा टक्क्यांच्या कॉलमची.

फॅटचा कॉलम नुसता ओढून टाकला की पिव्हट त्याची सरळ बेरीज करतं. दोन केंद्रांचे ४.६ आणि ३.६ टक्के मिळून गाईच्या दुधाला ८.२ फॅट, म्हैससुद्धा लाजेल! हे निदान लगेच डोळ्यावर येतं. 'सम'चं 'ॲव्हरेज' केलं तर येतं ४.१, आणि ते इतकं साळसूद दिसतं की कुणी हटकतच नाही. पण ४.६ वाल्या केंद्राचं दूध २०० किलो आणि ३.६ वाल्याचं १,८०० किलो असेल, तर टँकरमध्ये फॅट ९.२ अधिक ६४.८, म्हणजे ७४ किलो. २,००० किलो दुधावर ती पडते ३.७ टक्के. ४.१ धरलं तर ८ किलो फॅट फक्त कागदावर! गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ पायाला धरून ठरतो, तिथं ०.४ चा फरक कोण सोडून देईल?

मला मानवलेली पद्धत अशी. मूळ शीटवर प्रत्येक ओळीपुढे 'किलो फॅट' कॉलम ठेवायचा, म्हणजे किलो दूध गुणिले फॅटचे टक्के. नोंद लिटरमध्ये असेल तर आधी १.०३ ने गुणून किलो करून घ्यायचे. मग पिव्हटमध्ये कॅल्क्युलेटेड फील्ड, म्हणजे आपण सूत्र देऊन बनवलेला कॉलम: किलो फॅट भागिले किलो दूध. हे फील्ड आधी दोन्ही बेरजा करतं आणि मग भागतं, त्यामुळे केंद्र, रूट, ग्रँड टोटल, सगळीकडे आकडा बरोबर येतो. एसएनएफचंही तसंच.

मात्र गुणाकार या फील्डवर सोपवू नका. दूध गुणिले फॅट तिथंच लिहिलं, तर ते २,००० ला ८.२ टक्क्यांनी गुणून १६४ किलो दाखवतं.

'दर उत्पादकामागे सरासरी दूध' हवं असेल तर कॅल्क्युलेटेड फील्डचा काही उपयोग नाही, त्याला नुसती मोजणी जमत नाही. त्यासाठी डेटा मॉडेल (एक्सेलच्या आतला तक्त्यांचा साठा) आणि त्यावर चालणाऱ्या पॉवर पिव्हटचं मेजर, म्हणजे तिथं लिहिलेलं सूत्र. डिस्टिंक्टकाउंट या फंक्शनने रोज येणारा उत्पादक एकदाच मोजला जातो, आणि टोटलची ओळ स्वतंत्र हिशेबाने येते. शिकायला वेळ लागतो, पण पैसा वसूल. डेटा मॉडेलवरच्या पिव्हटमध्ये कॅल्क्युलेटेड फील्डचा पर्याय बंद असतो, म्हणून जुने रिपोर्ट एकदम हलवू नका. मॅकवाल्यांना तर पॉवर पिव्हट मिळतच नाही.

एक वाद मात्र दर ऑडिटला होतो. तीन रूटचा दुधातला वाटा सारखा, प्रत्येकी ३३.३ टक्के, आणि खाली टोटल १००.०. ऑडिटर विचारतात, "बेरीज ९९.९ होते, दशांश तुमचा कुठं गेला?" मी आकडा ओढूनताणून जुळवत नाही, दशांशाची दोन घरं वाढवून दाखवते आणि रिपोर्टखाली 'पूर्णांकनामुळे फरक' अशी ओळ टाकते.