थार, काळी माती आणि एक पावसाळा: वापरानंतरचा अनुभव

रावेर-यावलकडची केळीची वावरं आणि सवड मिळाली की सातपुडा, एवढ्यासाठी महिंद्राची तीन दारांची डिझेल थार घेतली. "फोर बाय फोर आहे, कुठंही जाते" असं सगळेच म्हणतात. आपल्या काळ्या मातीला ते कुणी सांगितलेलं नाही.

ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला चिकटते. खाचा भरल्या की चारही चाकं गुळगुळीत. मग इंजिनाचा दम नुसता चाकं गरगर फिरवण्यात जातो. म्हणून गारा दिसला की शिरायच्या आधीच फोर हाय (चारही चाकांना ताकद, वेग नेहमीचा) टाकतो आणि एकसारख्या संथ वेगात, मध्ये न थांबता काढतो. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत मात्र उतरत नाही. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची मोकळी जागा, 226 मिमी, चाकोरी बहुतेक वेळा त्याहून खोल. पोट टेकलं की चारही चाकं बिनकामाची.

गिरणेच्या कोरड्या पात्रातली वाळू त्यामानाने शहाणी. टायरची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि गाडी तरंगल्यासारखी जाते. डांबरी लागण्याआधी हवा परत भरायचीच. त्यासाठी ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला पंप दोन टायरांतच तापून बंद पडायचा. आता थेट बॅटरीला क्लिपा लावायचा घेतलाय.

धडगावकडच्या पाड्यांवरचे कच्चे उतार हे या गाडीचं खरं काम. वरच थांबून फोर लो (चारही चाकांना ताकद, वेग कमी पण जोर जास्त), पहिला गिअर, क्लचवरचा पाय बाजूला. इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकला फारसं काम उरत नाही. चढावर गाडी अडली तर वळवायची नाही, आडवी झाली की कलंडते. रिव्हर्स टाकून सरळ मागे. अंगठे स्टिअरिंगच्या कडीबाहेर ठेवा, दगडाने चाक झटकलं तर मनगट वाचतं.

गाडी किती खोल पाण्यातून जाते याचा 650 मिमीचा आकडा सांगतात, तो साचलेल्या पाण्याचा. सुकीसारख्या नदीला खाली ऊन असतानाही डोंगरातल्या पावसाचं पाणी येतं. तळ दिसत नसेल आणि पाण्याला ओढ असेल तर मी मागे फिरतो, मागचे कितीही हॉर्न वाजवोत.

आणि कोरड्या डांबरीवर फोर हाय लावून मिरवू नका. पुढचा-मागचा ॲक्सल एकत्र बांधला जातो, वळणावर गाडी अडखळते, दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. नुसतं धुळे-जळगाव हायवेवरच फिरायचं असेल तर 2023 पासून थार टू व्हील ड्राइव्हमध्येही मिळते, ती बघा.