60 रुपयांची वही: कर्ज फेडताना दहा महिने वापरल्यावर

मेन रोडवरून घेतलेली साधी आडवी वही. पहिल्या पानावर चार रकाने: कोणाचे पैसे, बाकी किती, हप्ता किती, वर्षाला व्याज किती टक्के. चौथा रकाना भरायलाच मला आठवडा लागला. तोवर मी सगळी कर्जं फक्त हप्त्याने ओळखत होते.

क्रेडिट कार्डावर 86,000 बाकी होते आणि दरमहा 4,300 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, मी न चुकता भरत होते. वाटायचं, फिटतंय. वहीत मांडलं तेव्हा कळलं, महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे 3,010 रुपये व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 542. मुद्दलातून जेमतेम साडेसातशे कमी होत होते! शिवाय मागची बाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, किराणा घेतला त्या दिवसापासून व्याज चालू. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मोपेडचं कर्ज '11 टक्के फ्लॅट' होतं. फ्लॅटमध्ये शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज लागतं, फेडलेलं मुद्दल वजा होत नाही. तीन वर्षांच्या मुदतीला ते घटत्या बाकीच्या हिशोबात 20 टक्क्यांच्या जवळ जातं. भाऊजींचे 40,000 हातउसने होते, व्याज शून्य, पण घरात सगळ्यात जास्त लाज त्याचीच. आधी तेच फेडावेत असं मन म्हणत होतं. वही म्हणाली, कार्ड आधी. आम्ही दोघं भाऊजींकडे गेलो, वही दाखवली, "तुमचे शेवटी देऊ" म्हणालो. ते म्हणाले, "वहिनी, आधी ते व्याजाचं बघा."

मग माझ्या दोन पाटल्या बँकेत ठेवून 9 टक्क्यांनी 50,000 घेतले आणि थेट कार्डात भरले. हा निर्णय सोपा नव्हता, आणि कार्ड कापून टाकणार नसाल तर करूही नका. नाहीतर दोन्ही कर्जं उरावर बसतात. उरलेल्यावर दरमहा 7,000 भरत सहाव्या महिन्यात कार्ड शून्य झालं. तरी पुढच्या बिलात थोडं व्याज आलंच, बिल निघाल्यापासून भरेपर्यंतच्या दिवसांचं. तेही भरलं, खातं लेखी बंद करून घेतलं आणि बाकी नसल्याचं पत्र मागून ठेवलं.

वहीसोबत प्रत्येक खर्चाच्या रोख पैशांची वेगळी पाकिटंही सुरू केली होती: भाजी, दूध, पेट्रोल. ती महिनाभरही टिकली नाहीत. सिडकोतला भाजीवालासुद्धा आता स्कॅनर पुढे करतो, पाकिटातल्या नोटा तशाच राहायच्या आणि खात्यातून पैसे जायचे. म्हणून दुसऱ्या बँकेत खातं उघडलं. पगार झाला की घरखर्चाची रक्कम तिकडे, आणि फोनवरचं यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडलेलं. महिनाअखेरीला खातं रिकामं दिसलं की हात आपोआप थांबतो. पाकिटांपेक्षा हे दहापट चाललं.

आणखी एक, जे मला कोणी आधी सांगायला हवं होतं: जादा हप्ते भरायच्या आधी 10,000 बाजूला ठेवा. पावसाळ्यात गाडीचं 2,800 चं काम निघालं, ते त्यातून झालं. एरवी कार्डच बाहेर आलं असतं.

कार्डाचे 7,000 आता सोनेतारणात जातात. 22,000 मुद्दल आणि वर व्याज बाकी आहे, म्हणजे अजून साधारण चार महिने. वहीच्या त्या पानाला मी पाटल्यांचं पान म्हणते. त्यानंतरचं पान भाऊजींचं.