वास्तुरचना कार्यालयासाठी प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी : आठ नूतनीकरणे आणि एका दाव्यानंतरचा अभिप्राय

पुण्यातील आमच्या कार्यालयात वास्तुरचना आणि स्ट्रक्चरल डिझाइन अशी दोन्ही कामे होतात. आम्ही दोन भागीदार आणि नऊ सहकारी आहोत. २०१७ साली एका निविदेत अट होती म्हणून आम्ही पहिल्यांदा प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे आमच्या बोलीभाषेत ‘पीआय’, घेतली. व्यावसायिक कामातील चुकीबद्दल कोणी भरपाई मागितली, तर ती भरून देणारा हा विमा. तेव्हा तिची मूळ प्रत कोणी पूर्ण वाचलीही नव्हती. पुढे एक दावा अंगावर आला आणि निकाली निघाला, त्यानंतर मात्र तिचे प्रत्येक कलम वाचले गेले. विमा कंपनीचे नाव मी देत नाही. अशाच पॉलिसीच्या विचारात असलेल्या लहान कार्यालयांना तिच्या अटी आणि सेवा यांविषयीचा आमचा अनुभव कळावा, एवढाच हेतू आहे.

ही पॉलिसी आगीच्या किंवा वाहनाच्या विम्यासारखी चालत नाही. चूक कोणत्या वर्षी झाली यापेक्षा दावा कोणत्या वर्षी आला आणि तो त्याच मुदतीत कंपनीला कळवला का, हे येथे पाहिले जाते. त्यामुळे २०१८ मध्ये सही केलेल्या नकाशावर २०२२ मध्ये नोटीस आली, तर २०२२ ची पॉलिसी उपयोगी पडते. परंतु त्या पॉलिसीतील रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारीख, म्हणजे ज्या दिवसापासूनच्या कामांना संरक्षण मिळते ती तारीख, २०१८ च्या कामाआधीची असेल तरच. या एका तारखेवर सगळे अवलंबून असते. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात रचनात्मक दोष आढळला, तर विकासकाला तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो, आणि तो खर्च विकासक आमच्यासारख्या सल्लागाराकडे मागू शकतो. नकाशा आणि ताबा यांत तीन-चार वर्षे सहज जातात, म्हणजे आजच्या सहीचा जाब आठ-नऊ वर्षांनीही विचारला जाऊ शकतो.

२०२० साली प्रीमियम कमी मिळतो म्हणून आम्ही कंपनी बदलली. नव्या पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे तपशिलाच्या पानावर, रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारीख २०१७ ऐवजी नव्या पॉलिसीच्या पहिल्या दिवसाची छापली गेली होती. आमच्या हिशेब पाहणाऱ्या सहकारी ताईंनी जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून ओळीओळीने तपासली, म्हणून ते लक्षात आले. ब्रोकरने पाठपुरावा करून महिनाभरात दुरुस्तीचे एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडले जाणारे बदलाचे पत्र, मिळवून दिले.

दोनच वर्षांनी चाकणजवळच्या एका कारखान्याची नोटीस आली. तेथील फरशी भरावावर टाकलेली होती. ती एका बाजूला खचली आणि तडे गेले. दुरुस्ती व थांबलेले उत्पादन मिळून ३८ लाख रुपयांची मागणी होती. नकाशे २०१८ चे होते. एन्डॉर्समेंट झाले नसते तर हा सगळा भार आम्हा दोघा भागीदारांवर आला असता, आणि तो विचार आजही अस्वस्थ करतो.

त्या वेळी माझ्या भागीदाराने, ग्राहकाशी जुने संबंध असल्यामुळे, ‘दुरुस्तीचा खर्च आम्ही उचलतो’ असे पत्र लिहायला घेतले होते. ब्रोकरने ते थांबवले, कारण कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी मान्य केल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. आमच्या ब्रोकरचे काम या काळात उत्तम होते. नुकसानीची तपासणी करणारे सर्व्हेअरही जाणकार निघाले. त्यांनी मृदा चाचणीचा अहवाल, नकाशांच्या सुधारणांची नोंदवही आणि साइटभेटींच्या नोंदी मागितल्या. भराव ९५ टक्के प्रॉक्टर घनतेपर्यंत (म्हणजे प्रयोगशाळेतील चाचणीत मिळालेल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के) दाबावा, ही सूचना आमच्या नकाशावर स्पष्ट होती, पण चाचणीचे निकाल न पाहताच आमच्या अभियंत्याने पुढचे काम करण्यास मान्यता दिल्याची नोंदही त्याच वहीत होती. जबाबदारी कंत्राटदाराबरोबर वाटली गेली आणि आमच्या वाट्याला १४ लाख आले. त्यातील दीड लाख एक्सेस, म्हणजे दाव्यात विमाधारकाने स्वतः भरायचा हिस्सा, म्हणून आम्ही भरले, उरलेले कंपनीने.

कंपनीच्या सेवेविषयी मात्र नाराजी आहे. तिच्या पॅनेलवरील वकिलांना बांधकामाच्या वादांचा अनुभव नव्हता, आणि आम्ही सुचवलेल्या वकिलांना संमती मिळण्यात दोन महिने गेले. बचावाचा खर्च वेगळा न देता विम्याच्या मूळ रकमेतूनच वजा होतो, हे प्रपोजल फॉर्म भरताना कोणी सांगितले नव्हते. एका दाव्यासाठी ५० लाख आणि वर्षभरासाठी १ कोटी अशी आमची मर्यादा होती. मागणी मोठी असती तर वकिलांचे शुल्कच या मर्यादेचा लक्षणीय भाग खाऊन गेले असते.

दंड आणि फौजदारी शिक्षा यांना ही पॉलिसी संरक्षण देत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये महाडची पाच मजली इमारत कोसळून सोळा जणांचा जीव गेला, तेव्हा विकासकाबरोबर वास्तुविशारद आणि आरसीसी सल्लागार यांच्यावरही गुन्हा नोंदला गेला होता. त्याचप्रमाणे विकासकांच्या छापील करारांत सल्लागाराने ‘सर्व प्रकारच्या नुकसानीची’ हमी द्यावी असे कलम असते. कायद्याने येणाऱ्या जबाबदारीपलीकडची अशी हमी आमच्या पॉलिसीतून वगळलेली आहे. चाकणच्या प्रकरणानंतर आम्ही असे कलम काढायला लावतो आणि आपली जबाबदारी शुल्काच्या ठरावीक पटीपर्यंत मर्यादित करून घेतो. दोन कामे यामुळे हातची गेली. त्याचे वाईट वाटत नाही.

पॉलिसी घ्यावी, असेच मी सांगेन, आणि व्यवसायाच्या पहिल्याच वर्षी घ्यावी. आमची २००९ ते २०१६ मधील सर्व कामे या छत्राबाहेर राहिली आहेत. माझे भागीदार दोन वर्षांनी निवृत्त होणार आहेत. निवृत्तीनंतर त्यांच्या जुन्या सह्यांवर येणाऱ्या दाव्यांसाठी रन-ऑफ संरक्षण किती वर्षांचे मिळेल आणि बचावाचा खर्च मर्यादेबाहेर ठेवता येईल का, हे दोन प्रश्न आम्ही या वर्षीच्या नूतनीकरणावेळी लेखी विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर तीन वर्षे असे आले आहे. दुसऱ्याचे अद्याप आलेले नाही.